एक डोळा पाण्यावर

बीर-रमला गावात शेल्बियाला दोन गोष्टींवरून नावं ठेवायचे आणि एका गोष्टीसाठी मान द्यायचे. नावं अशासाठी, की पन्नाशी उलटलेली ही बाई चिखलात पोटावर लोळते, आणि वारलेल्या नवऱ्याचा कॅमेरा विकायचा सोडून घमेल्यात घालून समुद्रावर नेते. मान अशासाठी, की चिखलातले शिंपले, म्हणजे तिसऱ्या, काढायला जाणाऱ्या बायकांमध्ये पाण्याकडे बघायचं काम तिचं होतं. थोडीथोडकी नाही, सोळा वर्षं.

पाण्याकडे बघणं हे बाहेरच्याला काम वाटतच नाही. त्याने एकदा आमच्या चिखलावर येऊन बघावं. ओहोटी लागली की चाळीसएक बायका मधली खाडी ओलांडून पलीकडे जातात. तिसरी चिखलात असली की वर दोन बारीक भोकं दिसतात, अगदी शेजारी शेजारी. ती भोकं पायाखाली बुजू नयेत म्हणून बायका कमरेत वाकून उलट्या चालतात, एकेक पाऊल मागे, विळ्याच्या टोकाने उकरत. डोक्याला फडकं, वर गवताची रुंद टोपी, आणि टोपीखालून दिसतो तो हातभर चिखल. समुद्र कुठवर आला, खाडी किती भरली, वाकलेल्या बाईला काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून एकीने ताठ उभं राहायचं. तिने "हूऊऊ" अशी लांब आरोळी दिली की हातातली तिसरीसुद्धा टाकून निघायचं, मागे वळून बघायचं नाही. घरी येताना प्रत्येकजण तिच्या टोपलीत एक ओंजळ टाकते. शेल्बियाची आरोळी सोळा वर्षांत एकदाही उशिरा आली नव्हती.

कॅमेऱ्याचा नाद नंतरचा. नवरा, हाशमी, लग्नांचे फोटो काढायचा. तो गेला आणि कॅमेरा कपाटात पडून राहिला. उधाण नसलं की ओहोटी फार मागे हटत नाही, त्या दिवसांत बायका घरी असत, तेव्हा शेल्बिया एकटीच चिखलावर जाऊन टिलव्यांचे फोटो काढायला लागली. टिलवा म्हणजे मूठभर जीव, चिमणीएवढा, काडीसारखे पाय, आणि चोच शिवणयंत्रासारखी खालीवर. हिवाळ्यात हजारोंनी येतात. पहिल्या वर्षीचे तिचे फोटो बघून नणंद म्हणाली होती, "हे काय, चिखलावर तीळ सांडलेत का?" उभं राहून काढलेला फोटो तसाच येतो. मग एकदा शेल्बिया घसरून तोंडावर आपटली, आणि मान वर करते तर काय, दोन हातांवर टिलवा उभा! खालून बघितलेला तो पक्षी तिला उंटाएवढा दिसला. त्याच्या डोळ्यात आभाळ दिसत होतं. तो पळालाही नाही. बाई आडवी झाली की टिलव्याच्या लेखी ती बाई राहतच नाही.

तेव्हापासून तिची तऱ्हा ठरली. घमेल्यात तांदळाची पुरचुंडी, पुरचुंडीवर कॅमेरा, भिंग काठाला टेकलेलं. घमेलं चिखलावर सरकवत कोपरांवर पुढे जायचं, पक्ष्यावर सरळ चाल करायची नाही, तिरकं जायचं, मग थांबायचं आणि त्यालाच येऊ द्यायचं. पाठीला रग लागते, पोटाला गारठा लागतो, आणि कपडे धुताना स्वतःलाच शिव्या द्याव्या लागतात.

तर त्या वर्षी जानेवारीत पत्र आलं. किनाऱ्याच्या खात्याचं म्हणणं असं, की बायका चिखलावर उतरतात तेव्हा पक्षी उडून जातात, त्यांना चारा मिळत नाही. सबब सभेत ठरवून हिवाळाभर चिखल बंद करायचा. हिवाळाभर! अहो, तिसऱ्यांचा हंगामच हिवाळ्याचा. चिखल बंद म्हणजे चाळीस घरांची चूल बंद, याहून सोपं काय सांगायचं. पक्षी मोजायला येणारा खात्याचा माणूस, सी अनीस, म्हणजे अनीसराव, पोरगेलासा होता पण वाईट नव्हता. शेल्बिया त्याला बांधावर जाऊन भिडली.

"सी अनीस, तुम्ही पक्षी कुठून बघता?"

"इथूनच. बांधावरून."

"बांधावरून तर माझी नणंदसुद्धा तरणी दिसते!"

तो हसला, अदबीने 'लल्ला' म्हणाला, पण वही त्याने मिटली नाही. "मी काय करू, लल्ला शेल्बिया? तुम्ही ओळीने चालत जाता, ते उडतात. दिसतं ते लिहितो."

"आणि मग परत येतात, ते नाही लिहीत? आम्ही वाकलो की येतात. विळ्याने चिखल उलटतो, त्यातले किडे खायला आमच्या हाताशी येतात. आम्ही मागे सरकतो, ते पुढे येतात. लहानपणापासून बघतेय मी."

"मग दाखवा ना. बाईचा हात आणि खाणारा पक्षी, दोन्ही एका फोटोत. गुरुवारी शाळेत सभा आहे, साहेब येणार आहेत. तोंडी सांगितलेलं तिथे कुणी ऐकायचं नाही."

झालं. चाळीस घरांचं ओझं एका घमेल्यात येऊन पडलं.

हात कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. नणंद तुर्किया, पासष्टीची, उजवा गुडघा कामातून गेलेला. बाकीच्या भराभर सरकतात, ही एका पावलाला दोन श्वास घेते. टिलव्यांना तिचीच सवय जास्त. पण रविवारी हात आला तर पक्षी नाही. सोमवारी पक्षी आला तर तो नुसता पुसट डाग. मंगळवारी दोन्ही आले, आणि नेमक्या त्या क्षणी तुर्कियाला शिंक आली.

"माझ्या नाकाला काय फाशी देशील?" तुर्किया म्हणाली. "तीन दिवस शिंक दाबून बसलेय मी."

या तीन दिवसांत पाण्याकडे बघायला शेल्बियाने तरण्याताठ्या रीमला उभं केलं होतं. पण रीमची पाटी तीन दिवस रिकामी राहिली, आणि बघणारीच्या ओंजळी शेल्बियाने तिच्याकडे वळवल्या तरी भरल्या पाटीची सर त्यांना कुठून? घरी लहान मूल, सासू अंथरुणावर. बुधवारी सकाळी खाडी ओलांडताना रीमने हळूच विचारलं, "आज मी वाकू का, खाला? पाण्याकडे कोण बघेल मग?"

"वाक तू. मी बघते," शेल्बिया म्हणाली. "एक डोळा कॅमेऱ्यात, दुसरा मोकळाच असतो की."

"तुझ्या दोन्ही डोळ्यांना मिळून एक चष्मा लागतो, बाई," तुर्किया म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. शेल्बियाही हसली. कुणाच्या मनात शंका आली नाही. शेल्बिया आहे ना, मग झालं. सोळा वर्षांची सवय होती ती, आणि ती चाळीसजणींनाही होती.

पूर्वेचा वारा सकाळी नव्हता. तो सुटला तो बायका वाकल्यावर. पूर्वेचा वारा सुटला की भरती वेळेआधी येते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. शेल्बियाला तो गालावर लागला. तिच्या मनात आलंसुद्धा, की उठून एकदा खाडीकडे बघावं. पण उठलं की पक्षी उडणार, आणि आत्ताच तर पंधरा-वीस टिलवे तुर्कियाच्या दिशेने उतरले होते. थोड्या वेळाने बघू, असं तिने ठरवलं. ती चिखलात आडवी, हनुवटी घमेल्याला टेकलेली, कोपरं बधिर. समोर चार हातांवर तुर्किया वाकलेली, तिचा विळा, आणि उलटलेल्या काळ्या चिखलाची पट्टी.

टिलवे येत होते. दोन पावलं, टोच, टोच, एक पाऊल. मधूनच एक दुसऱ्याच्या अंगावर धावून जाई. शेल्बियाचा श्वास तिला स्वतःलाच मोठा वाटू लागला. एक टिलवा पुढे निघाला. तुर्कियाच्या हातापासून तीन वीत. तुर्कियालाही तो दिसला असावा, कारण तिचा विळा फार हळू फिरायला लागला. अडीच वीत. शेल्बियाचं बोट बटणावर होतं. या रब्बी, देवा, आज नको शिंक, आज काही नको.

आणि चौकटीच्या कडेला एक चकचकीत रेघ आली.

आमचा चिखल ओहोटीला राखाडी असतो, मेलेला, त्यात काही उमटत नाही. चकाकी आली म्हणजे नवं पाणी. आणि चिखलावर नवं पाणी आलं म्हणजे मागे खाडी कमरेएवढी झालेली असते, कारण आधी खाडी भरते आणि मग चिखल. हे शेल्बियाइतकं कुणाला ठाऊक होतं? रेघ तुर्कियाच्या टाचेमागून आली, टिलव्याच्या पायांपर्यंत पोचली, आणि टिलव्याच्या खाली दुसरा एक टिलवा उलटा उमटला.

नंतर गावात काहीजणी म्हणाल्या, तिला दिसलं नसेल, कॅमेऱ्यात काय एवढं दिसतं. स्पष्ट सांगायला हवं: तिला दिसलं. आरोळी गळ्यापर्यंत आली होती. पण टिलवा एक वीत होता. आत्ता ओरडलं तर तो उडणार, सगळेच उडणार, आणि उद्या शाळेत साहेबासमोर ती रिकाम्या हातांनी उभी राहणार, आणि चिखल जाणार. एक क्षण, फक्त एकच, असं ती मनाशी म्हणत होती, आणि बोट बटण दाबत होतं. दाबत होतं. टिलव्याने मान वाकवली आणि तुर्कियाच्या अंगठ्याजवळून, अगदी नखाजवळून, एक लांब लालसर किडा ओढून काढला. किडा ताणला गेला. तुर्कियाचा हात हलला नाही. बोटाने शेवटचं दाबलं.

मग शेल्बिया उठली आणि किंचाळली. आरोळी नव्हतीच ती. टिलव्यांचा थवा तिच्या कानाला वारा घालून गेला.

चाळीस बायका एकदम ताठ झाल्या, वळल्या, आणि खाडीकडे धावत सुटल्या. खाडी छातीला लागली होती. पाटी टाक, विळा टाक, हात धर, एवढंच. हातात हात घालून साखळी करून बायका पाण्यात उतरल्या. शेल्बियाने घमेलं डोक्यावर घेतलं होतं, एका हाताने धरून. हो, घमेलं तिने टाकलं नाही. दुसरा हात तुर्कियाला दिला होता. मधोमध ओढ इतकी होती की पाय तळाला टेकेना. तुर्कियाचा गुडघा तिथेच निसटला. शेल्बियाच्या हातातून तिची बोटं सुटली, एक एक करून सुटली, आणि तिची टोपी एकीकडे आणि ती दुसरीकडे.

"तुर्किया!"

डोक्याचं फडकं दिसलं, गेलं, परत दिसलं. रीमने साखळी सोडून उडी घेतली, फडक्याला आणि केसांना एकदमच धरलं आणि ओढलं. पलीकडच्या काठावर तुर्कियाला पालथी घालून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा तिच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग सकाळी खाल्लेलं बसीसाचं पीठ, आणि सगळ्यात शेवटी एक अस्सल शिवी. शिवी ऐकून बायका रडायला लागल्या.

तुर्कियाने डोळे उघडले. ओठ निळे पडले होते. शेल्बिया तिच्या डोक्याशी बसून तिचे हात चोळत होती.

"मिळाला का गं फोटो?" तुर्कियाने विचारलं.

"मिळाला."

"मग बुडायला हरकत नव्हती," ती म्हणाली आणि हसता हसता परत खोकली.

कुणीतरी म्हणालं, मेल्या पूर्वेच्या वाऱ्याने घात केला. दुसरी म्हणाली, हो ना, एवढं लवकर पाणी कधी येत नाही, शेल्बियालासुद्धा कळलं नाही म्हणजे बघ. शेल्बियाने तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं मिटणं पुरलं. दिवसभर ती स्वतःला सांगत राहिली, की उद्याचं होऊन जाऊ दे, मग सांगू.

गुरुवारी शाळेच्या खोलीत बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. साहेब आले, चहा झाला. सी अनीसने पडदे ओढले आणि फोटो भिंतीवर टाकला, भिंतभर.

काय फोटो होता! तुर्कियाचा सुरकुतलेला, चिखलाने माखलेला हात, नख फाटलेलं, आणि त्याच्या शेजारी, नखाला जवळजवळ चिकटून, टिलवा. चोचीत ताणलेला किडा. डोळ्यात उजेडाचा ठिपका. सगळं त्याच्या उंचीवरून, असं की बघणाराही चिखलात आडवा झाल्यासारखा वाटावा. 

"आणि ते प्रतिबिंब बघा," साहेब म्हणाले. "पक्ष्याचं पूर्ण प्रतिबिंब खाली उतरलंय. वा! हातसुद्धा दिसतोय पाण्यात."

सी अनीस टाळ्या वाजवू लागला. साहेबांनीही वाजवल्या. मागच्या बाकांवरून बायकांच्या टाळ्या सुरू झाल्या, पण पुढच्या बाकापर्यंत येता येता त्या विरल्या. पुढच्या बाकावर तुर्किया होती. ती उठली, गुडघा ओढत भिंतीजवळ गेली, आणि आपल्या हाताच्या प्रतिबिंबावर बोट ठेवून उभी राहिली. साहेबांना वाटलं, म्हातारीला अभिमान वाटतोय. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. एकामागून एक बायकांच्या माना शेल्बियाकडे वळल्या. कोरड्या चिखलात काही उमटत नाही, हे त्या खोलीत दोन माणसं सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

चिखल उघडा राहिला. बायकांनी एकाच वाटेने जायचं, एवढी एक अट पडली. साहेबांनी शेल्बियाचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

बाहेर, शाळेच्या भिंतीला टेकून तुर्किया तिची वाट बघत होती. बाकीच्या थोड्या लांब उभ्या होत्या.

"किती वेळ?" तुर्कियाने विचारलं.

"काय किती वेळ?"

"शेल्बिया. पाणी दिसल्यावर किती वेळ?"

खोटं बोलता आलं असतं. तिच्या मनात ते आलंही. "तेरा फोटो," ती म्हणाली. "हा शेवटचा."

तुर्कियाने मान हलवली. शेल्बियाला वाटलं, आता ही मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"चिखल वाचला," तुर्किया म्हणाली. "म्हणून तुला शिव्यासुद्धा देता येत नाहीत, हीच पंचाईत आहे. रीमचं पोर दोन वर्षांचं आहे, शेल्बिया. माझं सोड, मी म्हातारी. ती तुझ्या भरवशावर वाकली होती."

"मला वाटलं, एकच क्षण..."

"एकच क्षण तुझा. खाडी आमची." तिने भिंतीचा आधार सोडला. "रडू नकोस, लोक बघतायत. शनिवारी ओहोटी दुपारची आहे. विळा घेऊन ये."

"विळा?"

"मग काय, घमेलं?"

शनिवारी बायका एका वाटेने, एका ओळीत खाडी ओलांडून गेल्या. पलीकडे पोचल्यावर तुर्कियाने काठी चिखलात रोवली, तिच्यावर भार टाकला, आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. कुणी काही ठरवलं नव्हतं, निदान शेल्बियाला कुणी सांगितलं तरी नव्हतं. तिने टोपी घातली आणि वाकली. सोळा वर्षांनी वाकली. कमरेतून कळ आली. टोपीखालून हातभर चिखल दिसत होता, दोन भोकं, मग नुसता चिखल. एक पाऊल मागे. आणखी एक. टिलवे आले, तिच्या विळ्याशी आले, पण तिला ते बघवेनात. मागे काय आहे ते दिसत नव्हतं. तिने मान वर करून मागे बघितलं. थोड्या वेळाने परत बघितलं. तिसऱ्यांदा ती अर्धी उठलीच, तेव्हा वाऱ्यावरून आवाज आला. आवाजात राग नव्हता.

"खाली बघ, शेल्बिया," तुर्किया म्हणाली. "पाण्याकडे मी बघतेय."